गाडी उभी राहिली की एसी मंदावतो: गॅसच्या आधी हवा तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील नऊ वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा एसी द्रुतगती महामार्गावर उत्तम चालतो, परंतु शहरात सिग्नलला चार-पाच मिनिटे गाडी उभी राहिली की डॅशबोर्डातून येणारी हवा कोमट होते आणि गाडी पुन्हा वेगात आली की ती गार होते. गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरला गेला. पहिल्या वेळी किंचित फरक पडला, दुसऱ्या वेळी तक्रार उलट वाढली. आता कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो बदलावा का?

आज तरी बदलू नये. कॉम्प्रेसर खराब नसेलच, असे मी म्हणत नाही. परंतु आपण सांगितलेल्या लक्षणांवरून ज्या गोष्टींचा संशय सर्वांत आधी घ्यायला हवा, त्यांपैकी एकीचीही तपासणी झाल्याचे प्रश्नात दिसत नाही. सव्वीस वर्षे मी गाड्यांच्या एसीचेच काम करीत आहे. 'चालताना गार, थांबल्यावर गरम' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा बॉनेटच्या पुढच्या वीतभर जागेत, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटर आणि त्यामागचा फॅन यांच्यात सापडतो. कॉम्प्रेसरपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

याचे कारण समजून घेतले तर पुढची तपासणी आपोआप सुचते. एसी गारवा निर्माण करीत नाही; तो केबिनमधील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. ही उष्णता टाकण्याची जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर. तेथे दाबाखालचा गरम वायू हवेला उष्णता देऊन द्रव होतो आणि तोच द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कूलिंग कॉइलमध्ये सुटून पुन्हा उकळताना केबिन गार करतो. लहान गाडीतही कंडेन्सरला साधारण चार-पाच किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावत असताना समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो, त्यामुळे फॅन पूर्ण बंद असला तरी चालकाच्या ते लक्षातही येत नाही. गाडी थांबली की तो वारा थांबतो आणि सगळा भार एकट्या फॅनवर येतो. त्याच वेळी इंजिनाचे फेरे अडीच हजारांवरून आठशे-नऊशेवर आलेले असल्याने कॉम्प्रेसरही मंद फिरत असतो. म्हणजे थांबलेल्या गाडीत एसीचे दोन्ही हात दुबळे असतात. त्यांतला कोणता हात गरजेपेक्षा जास्त दुबळा झाला आहे, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी पहिली चाचणी कोणत्याही उपकरणाशिवाय घरच्या अंगणात होते. गाडी सावलीत उभी करावी, इंजिन सुरू ठेवून एसी पूर्ण थंडीवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा, डॅशबोर्डाच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचावा आणि हवा कोमट होईपर्यंत वाट पाहावी. मग झारीने किंवा पाइपाने, अजिबात जोर न लावता, गाडीच्या समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी सोडावे. पाणी फॅनच्या मोटारीवर आणि वायरिंगवर उडणार नाही याची काळजी घ्यावी. दोन-तीन मिनिटांत डॅशबोर्डाच्या जाळीतली हवा पाच-सहा अंशांनी खाली आली, तर कॉम्प्रेसरला दोष देण्याचे कारण जवळपास संपले. तो पंप करीत आहे, फक्त त्याने पुढे ढकललेली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडत नाही. याउलट, पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि इंजिनाला पंधराशे फेऱ्यांपर्यंत रेस दिल्यावर मात्र हवा गार झाली, तर लक्ष कॉम्प्रेसर, त्याला फिरवणारा पट्टा आणि त्या पट्ट्याशी त्याला जोडणारा-सोडणारा क्लच यांच्याकडे वळवावे. ही चाचणी दहा मिनिटांची आणि जवळजवळ बिनखर्चाची आहे. ती न करता कॉम्प्रेसरचे दरपत्रक देणे मला घाईचे वाटते.

आता फॅनविषयी सविस्तर सांगतो, कारण फसगत येथेच सर्वाधिक होते. 'फॅन फिरतो आहे ना?' असे विचारले की मालक आणि मेकॅनिक दोघेही 'हो' म्हणतात, आणि ते खरेही असते. परंतु फॅन फिरणे वेगळे आणि पुरेशी हवा ओढणे वेगळे. पुष्कळ गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. कमी वेगासाठी विद्युतप्रवाह एका रेझिस्टरमधून जातो आणि हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या, कंडेन्सरकडच्या बाजूचा) दाब किंवा इंजिनाचे तापमान वाढले की दुसरा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, फॅनला पूर्ण वेग देतो. दुसरा रिले, त्याचा फ्यूज किंवा दाब सांगणारा प्रेशर स्विच काम करीत नसेल, तर फॅन दिसायला फिरत राहतो, मात्र मे महिन्यातल्या दुपारी लागणारा वेग त्याला कधीच मिळत नाही. दुसऱ्या बाजूला, नऊ वर्षे चाललेल्या मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि अशी मोटार पूर्ण वीज मिळूनही सुस्त फिरते. या दोन दोषांमधला फरक साध्या मीटरने कळतो. फॅन पूर्ण वेगाने चालायला हवा अशा स्थितीत मोटारीच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. तेथे बॅटरीइतकेच, म्हणजे साडेतेराच्या आसपास व्होल्ट येत असूनही फॅन मंद असेल, तर मोटार गेली. अकरा-बारा व्होल्टच येत असतील, तर रिलेचे जळलेले टोक, गंजलेले अर्थिंग किंवा वितळत आलेला कनेक्टर शोधावा. नवी मोटार बसवून तेथे काही साधणार नाही. हे करताना एक खबरदारी आवश्यक आहे: इंजिन बंद असले तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, म्हणून हात, ओढणी आणि सैल बाह्या त्याच्यापासून दूर ठेवाव्यात.

फॅनची दिशाही तपासावी. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता आणि कंडेन्सरही नवा होता. फॅन जोरात फिरत होता, आवाजही दणदणीत होता. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला, तर तो चिकटण्याऐवजी फडफडत माझ्या अंगावर आला. आधी कोणीतरी फॅनची मोटार बदलताना कनेक्टर कापून वायरी हाताने जोडल्या होत्या आणि धन-ऋण उलटे झाले होते. रेडिएटरच्या मागे बसवलेला फॅन हवा पुढून मागे ओढतो. हा फॅन इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होता. गाडी वेगात असताना समोरचा वारा त्याच्यावर मात करी, म्हणून महामार्गावर कोणाचीच तक्रार नव्हती. दोन वायरींची अदलाबदल केली आणि काम संपले. कागदाची ही चाचणी आपणही करावी. निरोगी फॅन चालू असताना वर्तमानपत्राचा अर्धा कागद जाळीला चिकटून राहतो; तो गळून पडत असेल, तर एक तर फॅन दुबळा आहे, नाही तर हवेची वाट बंद आहे.

हवेची वाट बंद होणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. कंडेन्सर समोरून पाहिला की स्वच्छ दिसतो, कारण गाडी धुताना समोरच्या बाजूवर पाणी पडतेच. खरा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत बसतो. पावसाळ्यातला चिखल, पहिल्या पावसानंतर उडणारे किडे, उसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारे पाचटाचे तुकडे आणि धूळ यांचा तेथे नमद्यासारखा पट्टा तयार होतो. विजेरी एका बाजूने धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. उजेड पलीकडे दिसत नसेल, तर रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो थोडा मागे झुकवावा आणि मधली जागा साफ करावी. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने सोडावे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. सर्व्हिस सेंटरमधला जोराचा फवारा मात्र जवळून मारू नये. कंडेन्सरच्या पातळ पत्र्या त्याने आडव्या होतात आणि स्वच्छ केलेला कंडेन्सर आधीपेक्षाही कमी हवा सोडू लागतो.

आणखी एक दोष असा आहे की तो शोधायला सहसा कोणी जातच नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेने फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे आडोसे बसवलेले असतात. बंपर बदलला किंवा किरकोळ अपघाताची दुरुस्ती झाली की हे आडोसे 'बिनकामाचे' म्हणून परत बसवले जात नाहीत. मग उभ्या गाडीत फॅनने मागे टाकलेली गरम हवा कडेच्या फटींतून वळसा घालून पुन्हा कंडेन्सरच्या पुढे येते आणि तीच हवा फिरत राहते. ओळखण्याची रीत सोपी आहे: वायरवाल्या थर्मामीटरचे टोक कंडेन्सरच्या समोर लटकवावे आणि गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवावी. बाहेर ३५ अंश तापमान असताना तेथे ३८-४० अंश दिसले तर ठीक. पन्नासच्या आसपास दिसले, तर आडोसे हरवले आहेत असे समजावे. फोमच्या पट्टीला किंमत ती काय असणार, परंतु ती नसल्यामुळे झालेले महागडे उपचार मी अनेक पाहिले आहेत.

एवढे झाल्यावर गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे काटे, लावावेत. आपल्या गाडीच्या वयाकडे पाहता तिच्यात आर-१३४ए हा गॅस असावा. तरीही बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि त्याचे ग्रॅममधले वजन वाचून खात्री करून घ्यावी. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. गाडी बंद असताना गेज लावून 'शंभर पीएसआय दाखवतो आहे, गॅस भरपूर आहे' असे सांगितले जाते (पीएसआय हे दाबाचे एकक). बंद यंत्रणेत द्रव आणि वायू दोन्ही असतील, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो आणि ४० अंशांना सुमारे १३३; आत दोनशे ग्रॅम गॅस असो वा सहाशे, गेजचा काटा तोच. या मापाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी आहे. गाडी रात्रभर उभी राहून यंत्रणेचे आणि बाहेरचे तापमान एक झाल्यावर दाब त्या तापमानाच्या ठरलेल्या दाबापेक्षा ठळकपणे जास्त दिसला, तर आत हवा शिरलेली आहे किंवा भेसळीचा गॅस आहे.

खरे वाचन गाडी चालू असताना घ्यावे, तेही दोनदा: एकदा इंजिन जागेवर चालू असताना आणि एकदा पंधराशे फेऱ्यांवर. ३५ अंशांच्या दिवशी निरोगी गाडीत लो साइड (कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान राहते. विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी हाय साइड तीनशेच्या जवळ जाणे स्वाभाविक आहे. ती पाहून घाबरून गॅस काढू नये. जागेवर दोन्ही काटे वर असतील, समजा लो साइड साठच्या आसपास आणि हाय साइड सव्वातीनशेच्या पुढे, आणि कंडेन्सरवर पाणी सोडताच दोन्ही झपाट्याने खाली येत असतील, तर फॅन व कंडेन्सर यांचा दोष किंवा जास्त भरलेला गॅस, या दोनच शक्यता प्रथम धराव्यात. आत हवा राहिली असली तरी चित्र असेच दिसते. ती शक्यता वर सांगितलेल्या रात्रीच्या मापाने वेगळी काढता येते. लो साइड ६०-७० वर आणि हाय साइड जेमतेम दीडशेवर असे दोन काटे एकमेकांच्या जवळ आले असतील आणि रेस दिल्यावर लांब जात असतील, तर कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा झिजल्या आहेत किंवा, कमी-जास्त क्षमतेचा कॉम्प्रेसर असल्यास, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला आहे. दोन्ही काटे खाली असतील, तर गॅस कमी आहे. लो साइड जवळपास शून्याला टेकत असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) तुंबला आहे.

आपल्या प्रकरणात मला एका वाक्याने विचारात पाडले: दुसऱ्या वेळी गॅस भरल्यावर तक्रार वाढली. जास्तीचा गॅस द्रवरूपाने कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचून राहतो. तेवढ्या नळ्या वायूचा द्रव करण्याच्या कामातून बाद होतात, म्हणजे कंडेन्सर प्रत्यक्षात लहान होतो. महामार्गावरच्या वाऱ्यात उरलेला कंडेन्सरही पुरा पडतो. सिग्नलला पडत नाही. आधी फॅन दुबळा होता, त्यावर 'थोडा गॅस टाकून बघू' असा उपाय झाला आणि मूळ दोष तसाच राहून त्यावर दुसरा बसला, असा माझा अंदाज आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळतो आहे, आणि गळत नसेल तर वर ओतण्याची गरज नाही. लहान हॅचबॅकमध्ये एकूण गॅसच बहुधा पाचशे ग्रॅमपेक्षा कमी असतो. त्यात शंभर ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक चूक. हे काम काट्याकडे पाहून अंदाजाने करण्याचे नाही.

म्हणून यंत्रणेतला सगळा गॅस रिकव्हरी मशीनने काढून त्याचे वजन करावे, असे गॅरेजला स्पष्ट सांगावे. तो मोकळ्या हवेत सोडून देऊ नये. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला, तरी हवामानावरचा त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. शिवाय सोडून दिलेल्या गॅसचे वजन करता येत नाही, आणि ते वजन हाच आपला पुरावा आहे. स्टिकरवर ४०० ग्रॅम लिहिलेले असताना ५४० ग्रॅम निघाले, तर वाद मिटला. २५० ग्रॅम निघाले, तर गळती शोधावी: कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील, पाइपांचे जोड, गॅस भरण्याच्या नोझलमधला छोटा व्हॉल्व्ह आणि दगड लागलेला कंडेन्सर या जागी तेलकट धुळीचा डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने खात्री करता येते. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारून, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढून, पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो याची खात्री करून, स्टिकरवर लिहिला आहे तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे गेजवर पूर्ण तीस इंच व्हॅक्यूम कधीच दिसणार नाही; अठ्ठावीसच्या आसपास काटा थांबला, तर पंप खराब आहे असे समजू नये.

पाण्याच्या चाचणीने फरक पडला नसेल, तरच पुढच्या गोष्टी. कॉम्प्रेसरच्या क्लचमधली फट साधारणपणे ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. ती झिजून वाढली की थंड इंजिनावर क्लच धरतो, परंतु अर्धा तास वाहतुकीत तापल्यावर कॉइलचा रोध वाढून चुंबक दुबळा पडतो आणि क्लच घसरतो किंवा सुटतो. हवा गरम झाली त्या क्षणी बॉनेट उघडून कॉम्प्रेसरची पुढची चकती पुलीबरोबर फिरते आहे का, एवढे पाहावे. ती थांबलेली असेल आणि कॉइलला वीज मिळत असेल, तर आतली एखादी पातळ चकती काढून फट कमी केल्यावर काम भागते. या एका बाबतीत मीही चुकलो आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका गाडीचा धडधाकट कॉम्प्रेसर मी बदलला आणि जुना उघडून पाहिल्यावर त्याच्या आत काही झिजलेच नव्हते हे मला कळले. ते पैसे मी मालकाला परत केले. पट्टा सैल असणे आणि थ्रॉटल बॉडीत कार्बन साचल्यामुळे एसी लावल्यावर इंजिनाचे फेरे न वाढणे, हीदेखील कारणे असतात. त्यांत इंजिन थरथरते किंवा कॉम्प्रेसर वारंवार बंद-चालू होतो, म्हणून ती लवकर ओळखू येतात.

केबिनचा फिल्टर तुंबला असेल तर तो जरूर बदलावा, पण त्याने ही विशिष्ट तक्रार जाणार नाही, कारण तुंबलेला फिल्टर महामार्गावरही हवा कमीच देतो. कूलिंग कॉइलवर बर्फ जमण्याचे लक्षण तर बरोबर उलटे असते: लांबच्या प्रवासात हवा हळूहळू बंद होते आणि चहाला थांबून निघाल्यावर पुन्हा नीट येते.

अपेक्षाही वास्तव ठेवाव्यात. उभ्या गाडीत जाळीतली हवा धावत्या गाडीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असणे हा दोष नाही. मुंबईत किंवा कोकणात दमट हवेमुळे हा फरक वाढतो, कारण गाडीखाली तासाला एक लिटर पाणी ठिबकत असेल, तर एसीची सुमारे सातशे वॉट शक्ती केवळ वाफेचे पाणी करण्यात खर्च होत असते. अशा वेळी हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवल्यास बराच भार हलका होतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नये. भर दुपारी, गॅरेजच्या दारातच, इंजिन वीस मिनिटे जागेवर चालू ठेवायला सांगावे आणि मधल्या जाळीतले तापमान, बाहेरचे तापमान, दोन्ही गेजचे दाब आणि भरलेल्या गॅसचे वजन बिलाच्या मागे लिहून घ्यावे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शंका आली, तर मेकॅनिकच्या हातात गेज देण्याआधी तो कागद द्यावा.